रावणाला पाट नाही

१ ऑगस्ट १९८८, सोमवार

आज आमच्या कारखान्यात सुरक्षा समिती झाली. सुकाची दोन बोटं जूनमध्ये गेली आणि समिती ऑगस्टमध्ये आली. बैल गेला आणि झोपा केला, असं मी भर सभेत बोलून गेलो. सगळे हसले आणि लगेच मलाच समितीचा सचिव करून टाकलं. तोंड उघडलं की काम अंगावर येतं, हे मला या वयातही कळत नाही.

आमचा कारखाना तारेचा. जाड तारेचं वेटोळं फिरकीवर चढवायचं, तिचं टोक बारीक भोकातून ओढायचं आणि पलीकडे ढोलावर गुंडाळायचं. स्प्रिंगा बनवतात ती कडक तार. ओढताना कधी वेटोळ्याचा एक आटा सुटून उडतो, आणि त्यात हात सापडला की त्याचा फास होतो. पायाखालची कळ दाबली की मशीन थांबतं, पण फास तसाच आवळलेला राहतो. तो कापायचा मोठा कटर शेडच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर टांगलेला. सुका कुंभवलीचा, चांगला धट्टाकट्टा गडी. कटर येईपर्यंत त्याचं ओरडणं ऐकवत नव्हतं. आता गेटवर वॉचमन म्हणून बसतो आणि डाव्या हातानं सलाम करतो.

ठराव असा झाला की प्रत्येक ऑपरेटरच्या कमरेला कटर हवा. इथवर ठीक होतं. मग मॅनेजर साहेबांना कल्पना सुचली. "नागोराव, नुसता कटर नको. पक्कड, कटर, स्क्रूड्रायव्हर, चाकू, सगळं एकात असेल असं काहीतरी शोधा. माणसाच्या कमरेला किती वस्तू लटकवणार?" शोधायचं मी, कारण मी स्टोअरकीपर.

स्टोअरकीपरचं काम वस्तू देण्याचं असतं असा लोकांचा समज आहे. खरं काम त्या राखण्याचं असतं. त्यामुळे मला "स्टॉकमध्ये नाही" हे वाक्य दिवसभर म्हणावं लागतं. इकडची माणसं 'नाही'ला 'नाय' म्हणतात, म्हणून त्यांनी नागोरावचा नायराव केलाय. खिडकीशी येऊन "नायराव हाय का?" असं मलाच विचारतात.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणजे मैना. हिचा धाकटा भाऊ झुंबर आमच्याकडेच तीन नंबरच्या मशीनवर आहे. आष्टीहून मीच त्याला आणून चिकटवला, म्हणजे हिनं चिकटवायला लावला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. सुका तीन नंबरवरच होता. ही म्हणाली, "समिती गेली खड्ड्यात. माझ्या भावाच्या कमरेला कटर कधी लागतो तेवढं सांगा." मी म्हणालो, आठवड्यात लावतो.

५ ऑगस्ट

बोईसर स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून नमुना आणला. एकात आठ अवजारं. दुकानदारानं कटरनं खिळा कापून दाखवला, मीही खूश. कारखान्यात आणून आमच्या तारेला लावला, तर टक् झालं आणि कटरच्या धारेला अर्धचंद्र पडला. तारेवर साधा ओरखडा नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मला वाटलं साहेब चिडतील. ते धावत बाहेर आले, धारेवरून बोट फिरवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? याला म्हणतात आपली तार." तो फुटका नमुना त्यांनी केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवला. गिऱ्हाईक आलं की दाखवणार म्हणे. कटर हरला याचा आनंद होणारा माणूस सुरक्षा समितीचा अध्यक्ष आहे.

११ ऑगस्ट

मुंबईला नागदेवीला जाऊन आलो. गल्लीभर हत्यारं आणि दुकानागणिक एक उंटावरचा शहाणा. एकानं विचारलं, कशासाठी हवं? सांगितलं. तो म्हणाला, "मग शेठ, कटर कशाला बदलता? तार जरा मऊ करा ना." त्याच्याकडून काही घेतलं नाही. दुसरीकडून तीन नमुने आणले. त्यातल्या एकाला होकायंत्र आहे. तीन नंबरच्या मशीनवरून उत्तर दिशा शोधायची वेळ कोणावर येणार आहे, देव जाणे.

१३ ऑगस्ट

तिन्ही गेले. एकाची धार, दुसऱ्याची खीळ, तिसऱ्याची दांडी. साहेब चाचणीला मुद्दाम सूट घालून आले होते आणि बरोबर पुण्याचं एक गिऱ्हाईक होतं. प्रत्येक टक् झालं की गिऱ्हाईकाकडे बघून मान डोलवत होते. कपाटात आता चार नमुने झाले. प्रत्येकासमोर साहेबांनी चिठ्ठ्या लावल्यात, देवळात नवसाच्या घंटा लावतात तशा.

मग आमचा फिटर चिंधू आपला कटर घेऊन आला. लांब दांड्यांचा, काळा, ओबडधोबड. कट् केलं आणि तार तुटली. मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "हो, पण याला स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

चिंधू म्हणाला, "साहेब, हात अडकल्यावर स्क्रू कोन पिळतो?"

"प्रश्न धोरणाचा आहे," साहेब म्हणाले. चिंधू कटर खांद्यावर टाकून निघून गेला. मीही कुठेतरी निघून जावं असं वाटलं, पण मी सचिव आहे.

घरी आल्यावर हिनं ताट पुढे सरकवलं. आठवडा उलटला आहे, हे दोघांनाही माहीत आहे. भाजीत मीठ नव्हतं.

२७ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

झुंबर राखी बांधून घ्यायला आला. हिनं ओवाळलं, राखी बांधली आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात धरून बसली. बोटं एकेक करून चेपत होती. ओवाळायला इतका वेळ लागतो का? माझं जेवण खोळंबलं. शेवटी झुंबरच म्हणाला, "आक्का, सोड की. हात हितंच हाय."

वर हिनं त्याला बजावलं की राखी मशीनवर घालायची नाही, दोरा अडकतो. आज बांधायची आणि उद्या काढायची. मग बांधली कशाला, असं मी विचारलं. माझ्याकडे असं बघितलं की मी भात वाढून घेतला.

३० ऑगस्ट

आज डोकं फिरायची वेळ आली. मुरब्याची काशीबाई मासळी घेऊन आमच्या चाळीत येते. आमच्या घरात मासळी शिजत नाही, पण ती टोपली आमच्याच ओट्यावर टेकवते, कारण हिची तिची मैत्री. मी घरी आलो तेव्हा ती एका चकचकीत पक्कडीनं चिंबोरीची नांगी फोडून शेजारणीला दाखवत होती. पक्कड मिटली, तिच्या पोटातून चाकू निघाला. चाकू मिटला, करवत निघाली.

मी विचारलं, हे कुठलं?

"माज्या लेकानं बोटीवरना आनलाय," ती म्हणाली. तिचा मुलगा मोठ्या जहाजावर इंजिनखोलीत कामाला आहे. "चिंबोरीची नांगी काय, खिळापन तुटतो. मना तं सुरीच बरी. यो निस्ता उघडाला अर्दा दिस जातो."

मी म्हणालो, विकणार का? ती हसली आणि हिच्याकडे बघितलं. तेव्हा कळलं, सौदा माझ्या आधीच झाला होता. हिनं फळीवरचा पितळी डबा तिला देऊन टाकला होता. हिच्या आईचा डबा. मला तो डबा धुवायलासुद्धा देत नाही, आणि मासेवालीला देऊन मोकळी. मला विचारलं नाही, समितीला विचारलं नाही. मी बरंच बोललो. ही म्हणाली, "तुमचा आठवडा कधीचा संपला." काशीबाई जाताना म्हणाली, "भाऊ, बायवर रागावू नको. डब्याला झाकन घट्ट हाय, माजी सुकट मऊ नाय पडाची." हे ऐकून समाधान व्हायला हवं होतं बहुतेक.

१ सप्टेंबर

चाचणी. साहेब, चिंधू, झुंबर, आणि चार नंबरचा ऑपरेटर रामकिसन, यूपीतल्या बलियाकडचा. मी पक्कड उघडली, तार कटरच्या मुळाशी धरली आणि दाबली. काही झालं नाही. साहेबांचा चेहरा खुलला. झुंबर म्हणाला, "दाजी, म्या बघू का?" आणि त्यानं दोन्ही हातांनी आवळली. तार तुटली.

साहेबांनी तुटलेलं टोक उचललं, डोळ्यापाशी नेलं. "ही कुठली कॉइल? दुसरी आणा." दुसरी तुटली. "सगळ्यात कडक आणा." तीही तुटली, मात्र धारेला तिळाएवढा टवका गेला. साहेब टवक्याकडे बघून जरा सावरले. "अजून चाचण्या लागतील. घाई नको."

रामकिसन तेवढ्यात पक्कडीची एकेक पाती उघडत बसला होता. "पक्कड, कटर, चाकू, करवत, कानस..." शेवटी बाटली उघडायचं पातं निघालं. "दस मुंडी! ई तो रावन है, भैया." झालं. दुपारपर्यंत शेडभर तेच नाव. मी कागदावर 'बहुउपयोगी अवजार, नमुना क्रमांक पाच' असं लिहिलं होतं. साहेबसुद्धा मला फोनवर म्हणाले, "तो रावण माझ्याकडे पाठवा."

पाठवला नाही. नमुना सचिवाच्या ताब्यात राहतो, असा नियम मी तिथल्या तिथे केला.

९ सप्टेंबर

झुंबर रोज संध्याकाळी घरी येऊन रावण मागतो. नमुना आहे, वाटायची वस्तू नाही, असं त्याला समजावलं. मग अंगणात माझ्या डोळ्यांसमोर वापरतो म्हणाला. ठीक आहे म्हटलं. सोड्याच्या बाटल्या उघडण्याचा सोस असणार, दुसरं काय?

आज बघितलं तर वेगळंच. कारखान्यातून तारेचे भंगार तुकडे आणलेत. एक तुकडा खाटेच्या पायाला आणि स्वतःच्या उजव्या मनगटाला गुंडाळतो, आणि डाव्या हातानं रावण खिशातून काढून, दातांनी उघडून कापतो. एक दांडी मांडीला टेकवायची आणि दुसरीवर तळहाताचा सगळा भार टाकायचा. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं नाही, घामाघूम झाला. मी म्हणालो, "अरे, देवानं उजवा हात दिलाय की." तो म्हणाला, "व्हय दाजी," आणि परत डाव्यानंच सुरू. डावखुरं व्हायचा हा नवा नाद. हिला सांगितलं तर हसण्याऐवजी आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

खाटेचा पाय मात्र पार सोलून निघाला आहे.

२६ सप्टेंबर

साहेबांनी रावणासारखी अवजारं मागवायला मंजुरी दिली. कुठल्याशा तपासणीला अधिकारी येणार असं कळल्यावर दिली, पण दिली. मी ऑर्डर घेऊन सहीला गेलो. साहेबांनी पेन उघडलं आणि भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. आजपासून पितृपक्ष.

"नवी खरेदी आता नको नागोराव. पंधरवडा जाऊ द्या."

"साहेब, ही खरेदी घरातल्या फ्रिजसारखी नाही. हातांसाठी आहे."

"म्हणूनच म्हणतो. अशुभ कशाला?"

माझे वडील, आजोबा आणि पणजोबा जेवायला येतील ते काय कटर मोजायला? आले तर त्यांना वाईट वाटेल की अजून आणले नाहीत. हे मी मनात म्हणालो. तोंडानं "बरं" म्हणालो.

झुंबरला सांगितलं. तो हसला. आजकाल फार हसतो आणि फार कमी जेवतो. पोट बिघडलं असेल.

१२ ऑक्टोबर

पितर गेले, घट बसले. सहीला गेलो. आता साहेब म्हणतात, नवरात्र आहेच तर दसऱ्याच्या मुहूर्तावरच घेऊ. शेठ मुंबईहून येणार आहेत, त्यांच्या हस्ते वाटप करू, फोटो काढू. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा.

हिनं झुंबरसाठी दसऱ्याचा शर्ट शिवलाय. निळा, लांब बाह्यांचा. मला मागच्या वर्षीचाच.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. ऑफिसच्या ओसरीवर चौरंग मांडला, बाजूला पाट. पाने, हातोड्या, पकडी, कानशी, चिंधूचा लांब कटर, भिंतीवरचा मोठा कटर, सगळं धुऊन पुसून ठेवलं. हळदीकुंकू, झेंडू, आणि सगळ्यांना मिळून लाल नाडा गुंडाळला. एकदा पूजेला लागलं की उद्या शेठच्या हातून पूजा हलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आमच्याकडेही हीच रीत आहे, त्यात मला काही म्हणायचं नाही.

मी रावण नेला. साबणानं धुतला होता, कुंकवाचं बोटही घरूनच लावलं होतं. पाटावर ठेवणार तोच रामकिसननं हात धरला. "बाबू, रावन को पूजा में? दसहरे के एक दिन पहिले? कल तो इनको जलाते हैं."

मी म्हणालो, अरे, हे नाव तूच ठेवलंस ना.

"नाम तो नाम है, बाबू."

मी चिंधूकडे बघितलं. त्यालाही ते पटलेलं दिसलं. "नायराव, वायट वाटून घेऊ नको. पर त्याला पाट नाय. बाकीच्या हत्यारांचा रोष कोनी घ्यावा?" सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनीसुद्धा. अडीच महिने जे एका ठरावावर एकत्र येऊ शकले नाहीत, ते यावर क्षणात एकत्र आले.

मी रावण खिशात टाकला आणि प्रसाद न घेता घरी आलो. इतक्या मेहनतीनं शोधलेली वस्तू, तिला कुंकवाचासुद्धा मान नाही. शोधली हिनं, हे मान्य. पण चाचणी माझी होती.

२० ऑक्टोबर, दसरा

झालं तसं सरळ लिहायचं म्हणतो.

सकाळी शेठ आले. ऑर्डरवर सहीच मुहूर्ताला व्हायची, म्हणून वाटायचे कटर अजून आलेच नव्हते. मुहूर्ताला एक मशीन फिरवायचं असतं. दाराजवळचं म्हणून तीन नंबर ठरलं. झुंबर नवा निळा शर्ट घालून उभा. मी ओसरीवर पूजेशी उभं राहायचं सोडून मशीनजवळ उभा होतो. कालचा राग होता, पाटाकडे बघायचं नव्हतं. खिशात रावण होता, कारण स्टोअर सुट्टीमुळे बंद आणि नमुना बाहेर ठेवायचा नाही हा माझाच नियम.

साहेबांनी झेंडूचा हार आणला. मशीनला घातला असता तर बरं झालं असतं, त्यांनी तो फिरकीवर टाकला, फोटोत दिसावा म्हणून. शेठनी नारळ फोडला, हिरवं बटण दाबलं. फिरकी फिरली आणि हार वेटोळ्यात ओढला जाऊ लागला. झुंबरनं हार काढायला उजवा हात घातला. कोणीही घातला असता. आटा उडाला.

त्यानं पायानं कळ दाबली, मशीन थांबलं. पण मनगटावर निळ्या बाहीसकट तारेचा फास बसला होता आणि तार ढोलाकडे ताणलेली. हात काळानिळा होताना मला दिसत होता. तो ओरडला नाही. सुका ओरडला होता, त्यामुळे मी ओरडण्याची वाट बघत होतो, आणि तो ओरडत नव्हता, हे जास्त भयंकर होतं. कोणी म्हणालं उलटं फिरवा. चिंधू ओरडला, "फिरवू नका, हात जायल," आणि ओसरीकडे धावला. पाटापाशी पोचला आणि थांबला. मला तिथून दिसलं. त्यानं आधी हात जोडले, डोळे मिटले, मग नाडा तोडायला लागला. नाडा सगळ्या हत्यारांना मिळून बांधलेला, तो काही सुटेना. त्याला दोष देत नाही. मीही हात जोडले असते.

मी रावण काढला. उघडताना आधी करवत निघाली. मग बाटली उघडायचं पातं निघालं. पक्कड निघाली तेव्हा तारेला लावली आणि दाबली, पुन्हा दाबली, तार जागची हलेना. नवरात्राचे उपास नुकतेच सुटले होते, अंगात त्राण नव्हतं, त्यामुळे असेल.

झुंबर म्हणाला, "दाजी, डाव्या हातात द्या."

मी दिला. चिठ्ठीशिवाय, सहीशिवाय. त्यानं एक दांडी मांडीला टेकवली, तार कटरच्या मुळाशी घेतली आणि दुसऱ्या दांडीवर अंगाचा सगळा भार टाकला. पहिल्यांदा टक् झालं, धार फुटल्यासारखं. दुसऱ्यांदा तार तुटली. खाटेच्या पायाशी मी हे कितीदा बघितलं होतं आणि डावखुरेपणा समजत होतो.

हाड शाबूत आहे. बोईसरच्या डॉक्टरांनी सगळी बोटं हलवून बघितली, सगळी हलली. मनगटाभोवती कातडी फाटली आहे, टाके पडले. डॉक्टर म्हणाले थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आता साहेबांचं. आम्ही त्याला दवाखान्यात न्यायला उचलत होतो, तेव्हा साहेब खाली वाकून काहीतरी शोधत होते. मला वाटलं त्याची चप्पल. त्यांनी तारेचं तुटलेलं टोक उचललं, बोटानं चाचपलं आणि आमच्या लॅबच्या केमिस्टला म्हणाले, "ही कॉइल मऊ लागली की काय? लॅबला पाठवा."

मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. शेठसमोर म्हणालो एवढंच.

संध्याकाळी घरी हिनं पाट मांडला. झुंबर खाटेवर पडलेला, हात गळ्यात अडकवलेला. हिनं रावण धुतला, पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं आणि त्याच्यापुढे आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखा राहा," असं त्याला म्हणाली. मी म्हणालो, त्याची सगळी लंकाच सोन्याची होती, त्याला आपट्याच्या पानाचं काय कौतुक? ती हसली नाही. मग रडायला लागली, आणि इतक्या दिवसांचं सगळं रडली. आईच्या डब्याचंही त्यात असेल. मी तिच्याशेजारी बसलो. मला जेवणाचंही आठवलं नाही.

२४ ऑक्टोबर

चिंधूनं आपल्यासारखे लांब दांड्यांचे कटर जुन्या सळयांतून मिळतील तेवढे बनवून दिले आणि मी ते साखळीनं एकेका मशीनला बांधून टाकले. ठराव नाही, मंजुरी नाही, स्क्रूड्रायव्हरही नाही. साहेबांनी दोनदा फेरी मारली, दोन्ही वेळा साखळीकडे बघितलं आणि पुढे गेले. त्या दिवशी मी काय म्हणालो ते त्यांना आठवत असावं.

हिनं निळ्या शर्टाची कापलेली बाही घेऊन रावणासाठी पिशवी शिवली आहे. पट्ट्याला अडकवायची, डाव्या बाजूला.

१४ नोव्हेंबर

झुंबर आज कामावर आला. मी म्हणालो, दुसरं मशीन घे, मी सांगतो. तो म्हणाला, "न्हाय दाजी, तीनच. आता त्याची माझी वळख झाली." हट्टी आहे. बहिणीवर गेला आहे. भाऊबीजेला हिनं त्याचा तोच हात धरला होता, आणि मी या वेळी घाई केली नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. खूप खूश होते. लॅबचा अहवाल आला होता. तार मुळीच मऊ नव्हती, आजवरच्या कॉइलांत सगळ्यात कडक तीच. "म्हणजे विचार करा नागोराव, परदेशी कटर, आणि आपल्या तारेनं त्याचा दात पाडला. तुटली खरी, पण दात घेऊन तुटली." काचेच्या कपाटात मधली जागा त्यांनी रिकामी करून ठेवली होती. चिठ्ठीसुद्धा लिहिलेली होती. "तो रावण आजच्या आज इथे आणून ठेवा. उद्या पुण्याची माणसं येतायत."

केबिनच्या काचेतून शेड दिसते. तीन नंबर चालू होता. झुंबर वेटोळं चढवत होता आणि त्याच्या डाव्या कमरेला निळी पिशवी हलत होती.

मी साहेबांना म्हणालो, "स्टॉकमध्ये नाही."